पहिल्या अठ्ठावीस दिवसांचे पाणी

मराठवाड्यात पाण्याचा प्रश्न काढला की उत्तर लिटरमध्ये येते. किती दिवसांआड, किती घागरी, किती टँकर, धरणात किती टक्के. हे साहजिकच आहे. मांजरा धरण कोरडे पडले तेव्हा मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटरचे अंतर कापून रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिल २०१६ च्या पहाटे दहा वाघिणींमधून आलेले ते पाच लाख लिटर पाणी लातूरकर अजून विसरलेले नाहीत. त्याआधी मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून शहरात जमावबंदी लावावी लागली होती. ज्या भागाने हे सोसले त्याने पाण्याचे माप आधी विचारावे, यात काही चूक नाही. पण मापाच्या पुढे एक प्रश्न उरतोच. घागरीत आलेल्या पाण्यात विरघळलेले काय आहे, आणि ते पिणाऱ्या बाईच्या पोटातल्या गर्भापर्यंत पोहोचून काय करते? या प्रश्नाकडे नीट पाहिले तर एक अडचणीची गोष्ट दिसते. गरोदर बाईची काळजी घेणारी आपली सगळी व्यवस्था ज्या दिवशी सुरू होते, त्याच्या कितीतरी आधी पाण्याने आपले काम करून टाकलेले असू शकते. म्हणून हा प्रश्न गर्भवतीला चार उपदेश करून सुटणारा नाही. तो विहिरीपाशी, बोअरपाशीच सोडवावा लागेल.

सुरुवात नायट्रेटपासून करू, कारण या भागात सगळ्यांत जास्त पसरलेले दूषण तेच आहे. केंद्रीय भूजल मंडळाने २०२४ च्या आपल्या वार्षिक गुणवत्ता अहवालात देशभरातून घेतलेले पंधरा हजारांहून अधिक नमुने तपासले. पिण्याच्या पाण्यात एका लिटरमागे ४५ मिलिग्रॅम नायट्रेट ही भारतीय मानकाची मर्यादा. देशात सुमारे वीस टक्के नमुने या मर्यादेबाहेर गेले. महाराष्ट्रात हे प्रमाण ३५ टक्क्यांच्या वर होते. सर्वाधिक बाधित अशा ज्या पंधरा जिल्ह्यांची नावे अहवालात दिली आहेत त्यांत नांदेड आहे, लातूरशेजारचा बीड आहे, पैनगंगेपलीकडचा यवतमाळही आहे. लातूर या पंधरांत नाही. पण लातूरची काळी जमीन, ऊस, सोयाबीन आणि बोअर नांदेडहून वेगळे नाहीत. जिल्ह्याची हद्द कागदावर असते, जमिनीखालचे पाणी ती ओळखत नाही.

हे नायट्रेट येते कोठून ते पाहायला दूर जावे लागत नाही. गावातला कोणताही जुना हातपंप डोळ्यांसमोर आणा. ओट्याला तडे गेलेले, सांडलेले पाणी त्या तड्यांतून पुन्हा खाली मुरते आहे. दहा पावलांवर गोठा, गोठ्यामागे उकिरडा. चार घरे सोडून नव्या संडासाचा शोषखड्डा. गावाच्या कडेला ऊस, त्याला युरियाचा दुसरा हप्ता नुकताच पडलेला. पिकाने उचलला तेवढा नत्र उचलला, उरलेला नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली गेला. बेसाल्टच्या खडकातल्या भेगा म्हणजे काही गाळणी नव्हे, नायट्रेट त्यांतून सरळ उतरते. ते मातीच्या कणांना चिकटत नाही, त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी गढूळ असेल तर बाई फडक्याने गाळते, मचूळ असेल तर नाक मुरडते, जड असेल तर डाळ शिजत नाही म्हणून तक्रार करते. नायट्रेटचे पाणी काचेसारखे स्वच्छ असते. सगळ्यांत गोड लागणारी विहीरच सगळ्यांत दूषित असू शकते, आणि तसे सांगणारे कोणतेही इंद्रिय आपल्याला दिलेले नाही.

शरीरात गेल्यावर या नायट्रेटचा काही भाग तोंडातल्या जिवाणूंमुळे नायट्राइट होतो. नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनला असे बदलते की ते प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. गर्भाला मिळणारा सगळा प्राणवायू आईच्या रक्तातून, वारेमार्फत येत असल्याने तिथली तूट त्याच्यापर्यंत जाते. दुसरी वाट थायरॉइडची. नायट्रेट आयोडीनच्या वाटेत आडवे येते आणि ग्रंथीला आयोडीन कमी मिळते. गर्भाची स्वतःची थायरॉइड पहिले तीन महिने जवळजवळ कामालाच लागलेली नसते. मेंदूची जडणघडण त्या काळात आईच्या हार्मोनवर चालते. तिसरी वाट पोटात तयार होणाऱ्या नायट्रोसो संयुगांची, ज्यांतली काही प्राण्यांवरील प्रयोगांत गर्भात व्यंग निर्माण करताना दिसली आहेत. यांतली कोणती वाट माणसात किती जबाबदार, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. पण तिन्ही वाटा अशा आहेत की त्यांचा फटका सुरुवातीच्या आठवड्यांत बसण्याचा संभव अधिक.

आता त्या सुरुवातीच्या आठवड्यांचा हिशेब मांडू. ज्या नळीसारख्या रचनेतून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू घडतो, ती गर्भधारणेनंतर साधारण अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत मिटते. ती खालच्या बाजूला उघडी राहिली तर मूल दुभंगलेला कणा घेऊन जन्मते, वरच्या बाजूला राहिली तर कवटी आणि मेंदूच पुरते घडत नाहीत. या अठ्ठावीस दिवसांतले पहिले चौदा दिवस तर पाळी चुकायच्याही आधीचे. पुढचे चौदा दिवस ‘बघू, चार दिवस इकडे-तिकडे होतातच’ म्हणण्यात जातात. मग कधीतरी आशाताईंना सांगितले जाते. बारा आठवड्यांच्या आत नोंदणी झाली तर आरोग्यखाते ती वेळेवर झाली असे मानते, आणि खात्याच्या दृष्टीने ते खरेही आहे. कार्ड निघते, वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन लिहिले जाते, फॉलिक ॲसिडच्या गोळ्या मिळतात. पण तोवर ती नळी मिटून, किंवा न मिटताच, महिना-दीड महिना झालेला असतो. त्या दिवसांत बाई जे पाणी प्यायली ते कोणत्याही कार्डावर लिहिलेले नसते.

मराठवाड्यात याला ऋतूची आणखी एक जोड आहे. लग्नसराई एप्रिल-मेची. नवी सून घरात आली की पंधरा-वीस दिवसांत मृगाचा पाऊस आणि पेरणी. खताची पोती शेतात रिकामी होतात, उन्हाळाभर साचलेला उकिरडा आणि गावाभोवतीची घाण पहिल्या पावसाने धुऊन निघते आणि उथळ विहिरींत, पांढरीतल्या हातपंपांत उतरते. म्हणजे ज्या घरांत गर्भ राहण्याची शक्यता सर्वाधिक, त्या घरांतल्या माठात नेमके त्याच आठवड्यांत सर्वांत वाईट पाणी असण्याची शक्यताही सर्वाधिक. केंद्रीय भूजल मंडळाच्या नोंदींतही मर्यादेबाहेरच्या नमुन्यांचे प्रमाण पावसाळ्याआधीपेक्षा पावसाळ्यानंतर जास्त आढळले आहे. एलिझाबेथ ब्रेनर्ड आणि निधिया मेनन या दोन अर्थशास्त्रज्ञ महिलांनी भारतातल्या आकडेवारीवर नेमका हाच धागा तपासला. नद्या-विहिरींतली खते-औषधे पेरणीच्या महिन्यांत वाढतात, मग त्या महिन्यांत गर्भात आलेल्या मुलांचे पुढे काय होते? २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात गर्भाच्या पहिल्या महिन्यात ज्यांच्या वाट्याला अशी रसायने जास्त आली त्या मुलांची प्रकृती अनेक मापांवर खालावलेली दिसली, आणि सर्वाधिक झळ ग्रामीण भागातल्या गरीब, न शिकलेल्या आयांच्या मुलांना बसली.

परदेशांतले पुरावेही त्याच दिशेने बोट दाखवतात. अमेरिकेत आयोवा आणि टेक्सास राज्यांतल्या मातांचा जीन ब्रेंडर यांच्या गटाने केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. नुसत्या पिण्याच्या पाण्यातून दिवसाला ५ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त नायट्रेट पोटात गेलेल्या मातांच्या बाळांत दुभंगलेला कणा, हातापायांचे अपुरेपण, फाटलेला ओठ आणि टाळू यांचे प्रमाण अगदी कमी नायट्रेट पिणाऱ्यांच्या तुलनेत पावणेदोन-दोन पटींच्या आसपास निघाले. आपल्या मर्यादेत बसणाऱ्या पाण्याच्या एका लिटरात ४५ मिलिग्रॅम असू शकते, आणि मे महिन्यात रानात राबणारी बाई तीन-चार लिटर पाणी पिते. (यावरून धोकाही तितक्याच पटीने वाढतो असे कोणी मांडू नये. तो हिशेब इतका सरळ नसतो.) कॅलिफोर्नियातला २०२१ चा अभ्यास मला त्याहून वजनदार वाटतो. तिथे चौदा लाखांहून अधिक जन्म घेतले आणि एकाच आईच्या वेगवेगळ्या बाळंतपणांची आपसांत तुलना केली. आई तीच, तिचा बांधा, घराणे, स्वभाव तोच. बदलले ते पाण्यातले नायट्रेट. ते मर्यादेबाहेर गेले तेव्हा अतिशय अपुऱ्या दिवसांच्या, म्हणजे बत्तीस आठवड्यांच्याही आतल्या बाळंतपणाची शक्यता सुमारे अडीच पट झाली. आणि मर्यादेच्या निम्म्यापासून मर्यादेपर्यंत असतानाही ती जवळजवळ दीडपट होती.

निम्म्यापासून मर्यादेपर्यंत म्हणजे अहवालात ‘पिण्यायोग्य’ असा शिक्का बसणारे पाणी. हा शिक्का ज्या आकड्यावर मारला जातो तो आला कुठून, हे त्यासाठी पाहायला हवे. १९४५ साली आयोवातल्या हंटर कॉम्ली या डॉक्टरने विहिरीच्या पाण्यात दुधाची पावडर कालवून पाजलेली बाळे निळी पडत असल्याचे नोंदवले. पुढे १९५१ मध्ये अमेरिकेतल्या अशा २७८ बाळांची माहिती गोळा झाली, त्यांतली ३९ दगावली होती. आजच्या मापात सुमारे ४५ मिलिग्रॅमच्या खाली असलेल्या पाण्याने निळे पडलेले बाळ त्यांत सापडले नाही, म्हणून रेषा तिथे ओढली गेली. जगभरच्या मर्यादा तिच्याच आसपास आहेत. रेषा चुकीची नव्हती. पण ती बाटलीने दूध पिणाऱ्या बाळासाठी ओढलेली होती. न जन्मलेल्या बाळाचा विचार तिच्यात नव्हताच. डेन्मार्कमध्ये साडेआठ लाख जन्मांवरच्या अभ्यासात, तिथल्या ५० मिलिग्रॅमच्या कायदेशीर मर्यादेच्या निम्म्यावरच, २५ च्या पुढे, जन्मवजन सरासरी दहा ग्रॅमने कमी झालेले दिसले. दहा ग्रॅम म्हणजे काय, असे वाटेल. तीन किलोच्या बाळाला काहीच नाही. पण पोटभर खाणाऱ्या, दवाखाना हाकेवर असलेल्या डॅनिश बाईच्या बाळावर जे दहा ग्रॅमचे ओझे, ते दोन किलो चारशेच्या बाळावर किती होईल?

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. हे सगळे बाहेरचे, आपल्याकडे मूल अशक्त जन्मण्याची कारणे वेगळी आहेत. लहान वयातली लग्ने, रक्त कमी, ऊसतोडीला सहा-सहा महिने बाहेर, बाळंतपणाच्या आदल्या दिवसापर्यंत डोक्यावर ओझे. हे सगळे खरे आहे आणि यांतले कोणतेही कारण पाण्यापेक्षा लहान नाही. पण त्यावरून पाणी बाजूला सारता येत नाही, उलट तेच पाणी अधिक घातक ठरते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या सुमारे ४६ टक्के गर्भवतींमध्ये रक्तक्षय आढळला. जिच्या रक्तात प्राणवायू वाहणारे हिमोग्लोबिन मुळातच कमी, तिच्या उरल्यासुरल्या हिमोग्लोबिनला नायट्राइटने निकामी करणे म्हणजे अर्ध्या हंड्याला भोक पाडणे. दुसरा आक्षेप जाणकारांचा असतो. मेथी, पालक, बीट यांतही नायट्रेट भरपूर असते, मग भाजी खाऊ नये का? खावी, अवश्य खावी. भाजीबरोबर क जीवनसत्त्व आणि इतर घटक येतात जे नायट्रोसो संयुगे तयार होऊ देत नाहीत. पाणी येते ते एकटेच.

नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेकडे जरा वेगळा प्रश्न आहे. किनवट, देगलूर, बिलोली, मुखेडच्या बाजूला दख्खनचा काळा पाषाण संपत जातो आणि खालचा जुना ग्रॅनाइट वर येतो. अशा खडकात पाणी जितका काळ मुरून राहते तितके फ्लोराइड त्यात उतरते. दुष्काळात वरची विहीर आटली की बोअर खोल जातो, आणि खोल जाणारा बोअर त्या जुन्या पाण्यालाच हात घालतो. पिवळे, डागाळलेले दात आणि वाकलेले गुडघे ही फ्लोराइडची दिसणारी खूण. न दिसणारी अशी की ते वार ओलांडून गर्भात जाते. मेक्सिको आणि कॅनडातल्या अभ्यासांत गरोदरपणी आईच्या लघवीत जास्त फ्लोराइड आढळले तेव्हा मुलांचे पुढचे बुद्धिमापन काहीसे कमी भरले. हे निष्कर्ष अजून वादात आहेत, म्हणून त्यांवर मी सगळा भार टाकणार नाही. पण दिल्लीत डॉ. ए. के. सुशीला यांनी २०१० साली मांडलेले काम आपल्या जास्त उपयोगाचे आहे. रक्तक्षय असलेल्या ज्या गर्भवतींच्या लघवीत फ्लोराइड जास्त होते, त्यांच्या पाण्यातून आणि आहारातून ते काढले आणि जेवण सुधारले, तेव्हा अनेकींचे हिमोग्लोबिन वाढले आणि कमी वजनाची बाळे घटली. लोहाच्या गोळ्या नेमाने घेऊनही रक्त का वाढत नाही, या प्रत्येक उपकेंद्रातल्या प्रश्नाचे एक उत्तर कदाचित त्या गावच्या बोअरमध्ये असेल.

जंतूंचे दूषण आपल्या परिचयाचे, आणि त्याविरुद्धची शस्त्रेही हाताशी असलेली. तरी गर्भवतीच्या बाबतीत त्यातला एक धोका पुरेसा सांगितला जात नाही. सांडपाणी मिसळलेल्या पाण्यातून पसरणारी ई प्रकारची कावीळ एरवी चार-सहा आठवड्यांत बरी होते. शेवटच्या तिमाहीतल्या गर्भवतीला ती झाली तर साथींमध्ये वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत बायका दगावलेल्या आहेत, आणि पोटातले मूलही. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत नजफगड नाल्याचे पाणी यमुनेतल्या पाणीउपशाच्या ठिकाणी शिरले आणि एकोणतीस हजारांवर लोकांना कावीळ झाली. ती ठाऊक असलेली कावीळ नव्हती, हे जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून १९८० मध्ये ज्या गटाने दाखवले, त्यात पुण्याच्या विषाणू संस्थेच्या डॉ. खोरशेद पावरी होत्या. ई काविळीच्या या इतिहासात महाराष्ट्राचा असा थेट वाटा आहे.

मात्र जंतूंविरुद्धची हीच शस्त्रे विरघळलेल्या क्षारांपुढे उपयोगाची नाहीत, आणि घोटाळा इथेच होतो. ‘पाणी उकळून प्या’ हा सल्ला काविळीसाठी अचूक आहे. नायट्रेट आणि फ्लोराइड मात्र उकळल्याने जात नाहीत. वाफ होऊन पाणी आटते, क्षार भांड्यातच राहतो आणि उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण वाढते. पहिलटकरणीला जपायचे म्हणून सासू जे पाणी दहा-पंधरा मिनिटे खळखळ उकळते, ते नायट्रेटच्या दृष्टीने माठातल्यापेक्षा वाईट होते. ब्लिचिंग पावडरचेही तसेच. ती जंतू मारते, क्षाराला हात लावत नाही. आपल्याकडे ग्रामपंचायतींना पाणी स्रोतांच्या स्वच्छता सर्वेक्षणानंतर लाल, पिवळे आणि हिरवे कार्ड देण्याची चांगली पद्धत आहे. पण कार्डाचा रंग ठरतो तो गळती, स्रोताभोवतीची घाण, ब्लिचिंग पावडरचा साठा अशा गोष्टींवर. हिरवे कार्ड मिळाले म्हणजे साथ येण्याचा धोका कमी. त्याचा अर्थ ‘पाणी निर्धोक’ असा गावात घेतला जातो, आणि तेवढ्यावर नायट्रेटचा विषय मिटतो.

मग म्हातारी माणसे म्हणतात, आमच्या आज्या-पणज्या याच आडाचे पाणी प्यायल्या, दहा-दहा लेकरे झाली. आड तोच असेल, पाणी ते नाही. पणजीच्या काळी युरिया नव्हता, घराघराला शोषखड्डा नव्हता आणि शेकडो फूट खालचे पाणी वर आणणारा बोअर नव्हता. आणि दहा लेकरांतली किती पाचवी पुजायच्या आत गेली, किती वेळा ‘दिवस गेले होते पण राहिले नाही’ असे झाले, हे त्या पणजीने कोणाला सांगितले नाही, कोणी विचारलेही नाही. जगलेल्यांचीच गणती होते.

आजच्या पिढीचे उत्तर जारचे असते. वीस लिटरचा जार, नाहीतर ग्रामपंचायतीच्या आरओचे नाणे टाकून मिळणारे पाणी. आरओ नीट चालत असेल तर नायट्रेट आणि फ्लोराइड दोन्ही काढतो, हे कबूल केलेच पाहिजे. पण पडदा वेळेवर बदलला नाही तर तेच यंत्र फक्त पाणी थंड करून देते, आणि थंड पाणी जिभेला शुद्ध लागते. जितके शुद्ध पाणी निघते जवळजवळ तितकेच, कधी त्याहून जास्त, क्षारांनी भरलेले पाणी बाहेर टाकले जाते आणि ते पुन्हा जमिनीतच मुरते. त्यातही घरात जार एक असेल तर तो कोणासाठी? पाहुणे, कर्ती माणसे, शाळेत जाणारी मुले. रानात जाणारी सून बाटली भरते ती वाटेतल्या बोअरवर.

खरे काम स्रोतापाशी आहे आणि ते अवघड असले तरी अशक्य नाही. हातपंपाचा ओटा दुरुस्त करणे, उकिरडा आणि शोषखड्डा विहिरीपासून लांब हलवणे, उसाला युरिया एकदम न टाकता हप्त्यांनी आणि ठिबकमधून देणे. आणि जिथे नायट्रेट मुरूनच गेले आहे तिथे दुसरे, कमी क्षाराचे पाणी आणून मिसळणे. टँकर भरण्यासाठी विहीर अधिग्रहित करतानाही तिचा नायट्रेट-फ्लोराइडचा दाखला मागायला हवा. नुसती पावडर टाकून टँकर सुटू नये. एवढ्यात ज्या घरांत आधीच दिवस राहिले आहेत त्यांनी घाबरून जाऊ नये, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. हे धोके हजारो जन्मांत मोजून दिसणारे आहेत. एकेका बाईच्या बाबतीत मूल निरोगी जन्मण्याची शक्यताच फार मोठी असते. आणि दुर्दैवाने तसे झाले नाही, तर ‘तिने पाणी जपले नाही’ असा बोल तिच्या माथी येता कामा नये. पाणी तिने निवडलेले नसते.

आरोग्य उपकेंद्राच्या वहीत गावातल्या प्रत्येक बाळाचे जन्मवजन असते. जलजीवन मिशनच्या नोंदींत त्याच गावच्या स्रोताचे नायट्रेट असते. नांदेड-लातूरमधल्या एकेका तालुक्यासाठी या दोन वह्या शेजारी ठेवून पाहणे हे एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याचे वर्षभराचे काम आहे, आणि त्याला यंत्रसामग्री लागत नाही. गावपातळीवर तर तेवढेही थांबायचे कारण नाही. मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना पाणीतपासणीचे शिक्षण देण्याची तरतूद आहे. त्यांच्या संचातल्या काचेच्या नळीत गावचे पाणी आणि पुडीतली भुकटी घातली की नायट्रेट असेल तर ते गुलाबी होते, जितके जास्त तितके गडद, आणि रंगाच्या पट्टीशी लावून आकडा वाचायचा. ही नळी वर्षातून दोनदा हातात घ्यावी. एकदा लग्नसराईच्या आधी, एकदा पहिल्या पावसानंतर आठवड्याभरात. आणि रंग गडद निघाला तर आशाताईंनी ज्यांच्या नावाचे कार्ड निघाले आहे त्या घरांच्या आधी, ज्या दारांवरची मांडवाची आंब्याची पाने अजून वाळायची आहेत त्या घरांत जावे.